द्राक्षं जातात त्या देशाची भाषा

गेल्या वेळी आपण कर्जाचा हप्ता आणि व्याज यांचा हिशेब बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताईला आज झालंय तरी काय! आज मी डच भाषेच्या व्याकरणाबद्दल बोलणार आहे. पण पाच मिनिटं ऐका, मग रेडिओ बंद करायचा की नाही ते ठरवा.

हा विषय निघाला तो आपल्याच माणसांमधून. हंगामात आपल्या गटातल्या बऱ्याच जणी द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला असतात. डोक्याला टोपी, हातात कात्री, घडातला खराब मणी हलक्या हातानं काढायचा, पनेटमध्ये भरायचं, वजन करायचं. पेट्या कंटेनरमध्ये चढतात, न्हावाशेव्याच्या बंदरातून जहाजानं निघतात आणि त्यातल्या पुष्कळशा रॉटरडॅम बंदरात उतरतात. रॉटरडॅम हे युरोपातलं सगळ्यांत मोठं बंदर, आणि ते नेदरलँड्स या देशात आहे. तर शेडमध्ये एकदा आमच्या गटातल्या काकूंनी मला विचारलं, "ताई, तुझी बहीण तिकडंच असते ना? मग ती माणसं आपल्या गोड द्राक्षाला गोड कसं म्हणतात गं?"

मला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण त्या एका शब्दामागे एवढी गंमत आहे, की म्हटलं, सगळ्यांनाच सांगू.

वलंदेजांची भाषा

नेदरलँड्सला आपण हॉलंडही म्हणतो. तिथली भाषा ती डच. तिथले लोक स्वतः तिला 'नेडरलांट्स' म्हणतात. शेजारच्या बेल्जियमच्या उत्तर भागात आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशातही ही भाषा चालते. देश एवढासा, आपल्या महाराष्ट्रात तसे सात मावतील. पण व्यापारी माणसं. 1602 साली त्यांनी पूर्वेकडच्या व्यापारासाठी कंपनी काढली आणि सतराव्या शतकात ते आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत आले. वेंगुर्ल्याला डच वखारीचे पडके अवशेष आजही आहेत. शिवकाळातल्या कागदपत्रांत या लोकांना 'वलंदेज' म्हटलंय.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडं गेली. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी चालतं, त्यामुळे त्याचं अडत नाही. तिकडच्या बहुतेकांना इंग्रजी येतं. पण शेजारची आजी, बाळाचं पाळणाघर, दवाखान्यातून येणारं पत्र, दुकानातल्या पाट्या हे सगळं डचमध्ये. शिवाय तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर साधारणपणे सरकारची भाषेची परीक्षा द्यावी लागते. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, सगळ्यांची. मग बहीण रोज रात्री व्हिडिओ कॉल लावून माझ्यासमोर अभ्यास करायला लागली. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, म्हणून तिला वाटलं ताईला व्याकरण कळतं. मला डच ओ की ठो येत नव्हतं. पण ती वाचायची, मी विचारायची, "म्हणजे मराठीत कसं?" असं करत करत थोडं मलाही कळायला लागलं. तेच आज तुम्हाला सांगते.

गोड, जास्त गोड, सगळ्यांत गोड

बाजारात आपण काय म्हणतो? हे द्राक्ष गोड आहे. ते त्याच्यापेक्षा गोड आहे. आणि पलीकडचं सगळ्यांत गोड आहे. मराठीत 'गोड' हा शब्द तिन्ही वेळा जसाच्या तसा राहतो. आपण त्याच्याआधी 'पेक्षा', 'जास्त', 'सगळ्यांत' असे शब्द लावतो आणि काम भागतं.

डचमध्ये तसं नाही. तिथं शब्दालाच शेपूट फुटतं. तुलना करायची तर 'अर' आणि सगळ्यांत वरचं सांगायचं तर 'स्ट'.

लहान म्हणजे 'क्लैन'. जास्त लहान 'क्लैनर'. सगळ्यांत लहान 'क्लैन्स्ट'.

मोठं म्हणजे 'ख्रोट'. हा 'ख' घशातून खरवडून काढायचा, घशात काटा अडकल्यासारखा. जास्त मोठं 'ख्रोटर'. सगळ्यांत मोठं 'ख्रोट्स्ट'.

सुंदर म्हणजे 'मोय'. मग 'मोयर', मग 'मोयस्ट'.

आता तुम्हीच सांगा, जुनं किंवा वयानं मोठं म्हणजे 'औट', तर त्याहून मोठं? 'औडर'. आणि सगळ्यांत मोठं? 'औट्स्ट'. बघा, आलं ना! थोरली मुलगी म्हणजे 'औट्स्टे डोख्टर'. धाकटी म्हणजे 'योंगस्टे'. आमच्या घरात मी औट्स्टे आणि बहीण योंगस्टे. याच 'औडर' शब्दाचा दुसरा अर्थ आई किंवा बाप, म्हणजे पालक. आपल्याकडेही 'वडील' म्हणजे बाप, आणि 'वडील भाऊ' म्हणजे वयानं मोठा भाऊ. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली.

एक बारीक नियम आहे. शब्दाच्या शेवटी 'र' असेल तर तुलनेला मध्ये 'ड' येतो. महाग म्हणजे 'द्यूर', जास्त महाग 'द्यूर्डर', सगळ्यांत महाग 'द्यूर्स्ट'. दोन 'र' लागोपाठ आले तर जीभ अडखळते, म्हणून मध्ये 'ड' ची पाचर. आणि शब्दाच्या शेवटी आधीच 'स्ट' असेल, तर त्यावर आणखी 'स्ट' चढवत नाहीत. बरोबर म्हणजे 'यौस्ट', तिथं आधी 'मेस्ट', म्हणजे 'सर्वाधिक', असा वेगळा शब्द लावतात. आपण 'सगळ्यांत' लावतो ना, तसाच.

काही शब्द मात्र ऐकत नाहीत. घरात एखादं पोर असतंच ना, कुणाचं न ऐकणारं, तसे. चांगलं म्हणजे 'खूट'. पण जास्त चांगलं 'खूटर' नाही, 'बेटर'. सगळ्यांत चांगलं 'बेस्ट'. पुष्कळ म्हणजे 'फेल', आणि त्याचा नापासाशी काही संबंध नाही. त्याहून जास्त 'मेर', सर्वांत जास्त 'मेस्ट'. थोडं म्हणजे 'वैनिख', त्याहून कमी 'मिंडर', सगळ्यांत कमी 'मिन्स्ट'. हे तीन पाठच करावे लागतात. गंमत अशी की जे शब्द रोज तोंडात असतात तेच असे वाकडे निघतात. आपल्याकडेही 'जाणे' चं 'गेला' होतं आणि 'येणे' चं 'आला' होतं, 'जाला' आणि 'येला' होत नाही. लहान पोरं तसं म्हणतात, आणि आपण हसतो.

'पेक्षा' साठी त्यांच्याकडे 'डान' हा शब्द आहे. पण जागा उलटी. आपण आधी सीता सांगतो, मग पेक्षा, मग गीता मोठी. ते म्हणतात, गीता मोठी डान सीता. 'डान' च्या जागी तिथली पुष्कळ माणसं बोलताना 'आल्स' म्हणतात. 'आल्स' खरं तर बरोबरीला लावायचा, म्हणजे 'इतकंच मोठं' म्हणताना. मग शाळेतल्या बाई टोकतात, घरात आई टोकते. म्हणजे शुद्ध-अशुद्धाचं भांडण तिकडंही आहे. आपलं 'न' आणि 'ण' वरून कुणी हसलं तर मनाला लावून घेऊ नका, हे दुखणं सगळ्या जगाचं आहे.

आता काकूंचं उत्तर

गोड म्हणजे डचमध्ये 'झूट'. जास्त गोड 'झूटर'. सगळ्यांत गोड 'झूट्स्ट'. द्राक्षं म्हणजे 'ड्रौव्हन'. सगळ्यांत गोड द्राक्षं म्हणजे 'दे झूट्स्टे ड्रौव्हन'.

आता लक्ष देऊन ऐका. मराठीत आपण शब्दाला शेपूट लावत नाही असं मी म्हटलं. पण संस्कृतात ते आहे. लघु, लघुतर, लघुतम. 'तर' म्हणजे त्याहून जास्त, 'तम' म्हणजे सगळ्यांत जास्त. 'तारतम्य' हा आपला शब्द या दोघांमधूनच आला. कशाला किती महत्त्व द्यायचं हे ज्याला कळतं, त्याला तारतम्य आहे.

संस्कृतात दुसरं एक शेपूटही आहे, ते म्हणजे 'इष्ठ'. ज्येष्ठ, सगळ्यांत मोठा. कनिष्ठ, सगळ्यांत लहान. श्रेष्ठ, सगळ्यांत चांगला. बलिष्ठ, सगळ्यांत बळकट. आता 'इष्ठ' आणि डचचं 'इस्ट', 'स्ट' शेजारी ठेवा. एका आईच्या दोन लेकी वाटतात ना? खरंच तसं आहे. संस्कृत, मराठी, डच, इंग्रजी, जर्मन या सगळ्या भाषा फार जुन्या एकाच मूळ भाषेच्या वंशातल्या आहेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. हजारो वर्षांत त्या दूर दूर गेल्या, पण हे शेपूट दोन्हीकडे राहिलं.

फक्त शेपूटच नाही. संस्कृतात गोडाला 'स्वादु' म्हणतात. त्याच जुन्या शब्दाचं डचमध्ये 'झूट' झालं. आपल्याकडे जिथं 'द' आहे तिथं त्यांच्याकडे पुष्कळदा 'ट' येतो. दोन म्हणजे 'ट्वे', दहा, संस्कृतात दश, म्हणजे 'टीन', दात म्हणजे 'टांट', पाय, संस्कृतात पाद, म्हणजे 'फूट'. तसंच स्वादु चं झूट. मग सगळ्यांत स्वादु काय होईल? स्वादिष्ठ! आणि डचमध्ये? झूट्स्ट. म्हणजे काकू, ज्याला आपण स्वादिष्ट म्हणतो आणि ज्याला ते झूट्स्ट म्हणतात, ते दोन शब्द सख्खे नातेवाईक आहेत. आपली पेटी समुद्र ओलांडून जाते, पण हा शब्द तिच्याही कितीतरी आधी तिकडं पोहोचलेला आहे.

करणे, खाणे, बसणे

आता दुसरी गोष्ट, क्रियापदाची. क्रिया नुसती सांगायची, कुणी केली, कधी केली काही न सांगता, तर आपण काय म्हणतो? करणे, खाणे, झोपणे. शेवटी 'णे'. डचमध्ये शेवटी 'अन'. खाणे 'एटन', पिणे 'ड्रिंकन', झोपणे 'स्लापन', काम करणे 'वेर्कन', वाचणे 'लेझन', विकत घेणे 'कोपन'. आणि स्वयंपाक करणे 'कोकन'. हो, कोकन! बहीण म्हणाली, "ताई, मी कोकन करतेय", तेव्हा मला वाटलं ही सहलीला निघाली. बोलताना शेवटचा 'न' पुष्कळ जण गिळतात, तेवढं कानाला सवय करून घ्यावं लागतं. जाणे 'खान' किंवा उभं राहणे 'स्तान' असे थोडे शब्द जरा आखूड आहेत.

हे मूळ रूप वाक्यात कसं बसवायचं, यात डच शिकणाऱ्या सगळ्यांची दमछाक होते. पण आपली होऊ नये, कारण आपल्याला त्यातलं अर्धं आधीच येतं. तीन प्रकार सांगते.

पहिला प्रकार. पाहिजे, शकणे, इच्छा, परवानगी अशा शब्दांबरोबर मूळ रूप तसंच येतं, आणि ते वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतं. 'इक विल वाटर ड्रिंकन', मला पाणी प्यायचंय. 'इक' म्हणजे मी, 'विल' म्हणजे इच्छा आहे, 'वाटर' पाणी, 'ड्रिंकन' पिणे. बघा, पाणी आधी आणि पिणं शेवटी, आपल्यासारखंच. 'इक कान फीट्सन', मी सायकल चालवू शकते. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, त्यामुळे 'सायकल चालवणे' याला त्यांच्याकडे एकच सुटसुटीत शब्द आहे. 'इक मूट वेर्कन', मला काम करायला पाहिजे. 'माख इक हीर झिटन?', मी इथं बसू का? हे वाक्य बहिणीनं सगळ्यांत आधी पाठ केलं, बसमध्ये लागतं म्हणून.

दुसरा प्रकार. काही क्रियापदांनंतर मूळ रूपाच्या आधी 'ते' हा छोटा शब्द येतो. प्रयत्न करणे, सुरू करणे, विसरणे अशी ती क्रियापदं. 'इक प्रोबेर नेडरलांट्स ते स्प्रेकन', मी डच बोलायचा प्रयत्न करते. 'इक बेखिन ते लेझन', मी वाचायला लागते. आपण 'वाच' ला 'आयला' जोडतो, ते आधी 'ते' ठेवतात. काम सारखंच. आणि कशासाठी ते सांगायचं असेल तर आणखी एक शब्द येतो, 'ओम'. 'इक खा नार दे मार्क्ट ओम ख्रूंटे ते कोपन'. मी बाजारात जाते, कशासाठी? भाजी घ्यायला. 'ओम' आला की समजायचं, आता कारण येणार. मग भाजी, मग 'ते', मग घेणे. भाजी त्या दोघांच्या मध्ये, भाकरीत पिठलं ठेवावं तशी.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. आपण म्हणतो, ती वाट बघत उभी आहे. मी वाचत बसलेय. रडत बसू नकोस. नुसतं 'वाचतेय' म्हटलं तरी चालतं, पण आपण शरीर कसं आहे तेही सांगतो, बसलेलं की उभं. डच माणूस अगदी तसंच बोलतो. 'इक झिट ते लेझन', मी बसलेय वाचत. 'झै स्टाट ते वाख्टन', ती उभी आहे वाट बघत. दोरीवरचं धुणं वाळतंय तर 'दे वास हांग्ट ते ड्रोखन', धुणं लटकलंय वाळत. बहिणीच्या वर्गात इतर देशांतल्या काही बायका यावर फार गोंधळल्या. बसण्याचा आणि वाचण्याचा संबंध काय, असं त्या विचारत होत्या. आमच्या बहिणीनं पहिल्याच दिवशी बरोबर वाक्य केलं. बाई म्हणाल्या, कसं जमलं? ती म्हणाली, आमच्या आईला विचारा, आम्ही दिवसभर काही ना काही करत बसलेल्याच असतो.

दुकानाच्या दारावरच्या पाट्यांवरही हेच मूळ रूप असतं. 'ढकला' असं सांगायचं तर ते नुसतं 'ढकलणे' लिहितात, आणि 'हात लावू नये' साठी 'नाही हात लावणे'. हुकूम वाटत नाही आणि काम होतं.

एका 'नीट' नं केलेला घोटाळा

आता हे सगळं का सांगतेय ते ऐका. ही नुसती गंमत नाही.

दोन वर्षांपूर्वी बहीण पाच महिन्यांची गरोदर होती. रक्त तपासायला जायचं होतं. दवाखान्यातून आदल्या दिवशी फोन आला. समोरची बाई इंग्रजीत बोलायला लागली, तर हिनंच हौसेनं सांगितलं, डचमध्ये बोला, मी शिकतेय. बाईंना बरं वाटलं, त्या सावकाश डचमध्ये बोलल्या. त्यातलं एक वाक्य होतं, 'यू हूफ्ट नीट नुख्टर ते झैन'.

'नुख्टर' म्हणजे उपाशीपोटी. 'झैन' म्हणजे असणे. हिनं ऐकलं 'नुख्टर झैन', उपाशी असणे. रक्ताची तपासणी म्हटल्यावर आपल्याकडे उपाशीपोटीच बोलावतात, त्यामुळे तिला शंकाही आली नाही. रात्री लवकर जेवली, सकाळी चहासुद्धा घेतला नाही. वेळ होती साडेअकराची. ट्रामच्या थांब्यावर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अनोळखी आजीबाईंनी तिला बाकावर बसवलं, पिशवीतलं केळं काढून दिलं. त्यांना हिनं कसंबसं सांगितलं, मी खाऊ शकत नाही, तपासणी आहे. आजीबाईंनी फोनवरचा दवाखान्याचा निरोप मागून वाचला आणि हसून मान हलवली. मग एकेक शब्द तोडून सांगितलं: हूफ्ट, नीट.

त्या वाक्याचा खरा अर्थ होता, तुम्हाला उपाशी यायची गरज नाही.

चूक कुणाची? बाईंची नाही, त्या बरोबरच बोलल्या. बहिणीची तरी कशी म्हणू? चूक व्याकरणातल्या दोन छोट्या शब्दांची. डचमध्ये 'नीट' म्हणजे नाही. आपल्या कानाला 'नीट' म्हणजे व्यवस्थित. 'नीट उपाशी रहा' असंच आपल्याला ऐकू येणार! आणि 'हूफ्ट' हे क्रियापद असं आहे की ते 'नाही' बरोबर आलं की अर्थ होतो 'गरज नाही', आणि त्याच्यामागे 'ते' येतो. पाहिजे असेल तर 'मूट' येतो आणि तिथं 'ते' नसतो. 'यू मूट नुख्टर झैन', उपाशी असायलाच पाहिजे. 'यू हूफ्ट नीट नुख्टर ते झैन', उपाशी असायची गरज नाही. एका 'ते' वरून कळतं की अर्थ कुठल्या बाजूला चाललाय.

त्या रात्री फोनवर ती रडली. म्हणाली, "ताई, माझ्या पोटातल्या पोरीला मी बारा-पंधरा तास उपाशी ठेवलं, एका शब्दासाठी." मी म्हटलं, रडत बसू नकोस. मग तीच म्हणाली, "हे डचमध्ये कसं होईल सांग बरं, 'रडत बसणे'?" आणि आम्ही दोघींनी रडत रडतच ते वाक्य तयार केलं. पोरगी सुखरूप झाली, आता दीड वर्षाची आहे. पण त्या दिवसापासून बहिणीनं ठरवलं, अंदाजानं मान हलवायची नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. वाचणं, ऐकणं, लिहिणं या तीन परीक्षा ती पास झाली. बोलण्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

आपल्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं जायचंय हॉलंडला? खरं आहे. पण अशी वाक्यं आपल्याकडेही येतातच की. कर्जाच्या कागदावर 'बंधनकारक राहील' आणि 'आवश्यकता नाही' यांत केवढा फरक आहे! औषधाच्या पाकिटावर जेवणाआधी की जेवणानंतर, ते एका शब्दावर असतं. आपण मान हलवतो, सही करतो, अंगठा देतो. समोरच्याला वाटतं हिला कळलं. विचारायची लाज वाटते. त्या आजीबाई थांब्यावर भेटल्या म्हणून बरं, रोज कुणी भेटत नाही.

आणि दुसरं, मला व्याकरण येत नाही असं कुणी म्हणू नका. व्याकरण शिकलेली नसेल, पण येतं सगळं. 'वाट बघत उभी' कुठं म्हणायचं आणि 'वाट बघत बसली' कुठं, हे तुम्हाला कुणी शिकवलं का? तरी कधी चुकत नाही. पोरांच्या शाळेत इंग्रजीचं पुस्तक येतं तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, हे मराठीत कसं? पोरगं सांगताना स्वतः शिकतं. मी बहिणीबरोबर हेच केलं, दुसरं काही नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. प्रत्येकीनं एक शब्द आणायचा, 'इष्ठ' किंवा 'इष्ट' शेवटी असलेला. एक शब्द आधीच झाला, स्वादिष्ट, तो चालणार नाही. दुसरं, गटाच्या कर्जाच्या अर्जातलं एक वाक्य आणायचं, जे वाचून तुम्हाला नीट कळलं नाही. नीट म्हणजे आपलं मराठी 'नीट'! ते वाक्य आपण मोठ्यानं वाचू आणि कळेपर्यंत उठायचं नाही.

आणि काकू, हंगाम सुरू झाला की पेटी बंद करताना एकदा म्हणा, 'दे झूट्स्टे ड्रौव्हन'. पलीकडे उघडणाऱ्याला ऐकू जाणार नाही, पण आपल्याला माहीत असेल की त्यांच्या तोंडी काय येणार आहे. माझ्या बहिणीची परीक्षा कशी झाली ते पुढच्या वेळी सांगते. नमस्कार.